लोक गाडीतून जे काढून फेकतात, ते बनवणारा माणूस आधी पेट्रोलच बनवायचा

गाडीचा आवाज दमदार व्हावा, पिकअप वाढावा म्हणून काही जण गॅरेजमध्ये जाऊन एक काम हमखास करून घेतात. सायलेन्सरच्या पाईपमध्ये बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापायचा आणि त्या जागी साधा पाईप जोडायचा. काम तासाभराचं.

पण दोन-चार दिवसांत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. चेक इंजिन! मग कुणीतरी सांगतं की ऑक्सिजन सेन्सर बिघडलाय, बदलून घे.

सेन्सर बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. तो फक्त चुगली करत असतो. ती कशी, ते पुढे येईलच. त्याआधी हा कन्व्हर्टर ज्याच्या डोक्यातून निघाला, त्याची गोष्ट. कारण हा माणूस गाड्यांचा शत्रू वगैरे अजिबात नव्हता. उलट गाड्यांच्या वेगाचं त्याला वेड होतं.

नाव युजीन हूड्री. जन्म 18 एप्रिल 1892, पॅरिसजवळच्या दोमाँ गावचा. वडिलांचा पोलादी बांधकामाचा कारखाना होता. पोरगा मेकॅनिकल इंजिनिअर झाला, तोही सुवर्णपदक घेऊन. कॉलेजच्या फुटबॉल संघाचा कॅप्टनही तोच. आता वडिलांचा धंदा सांभाळायचा, एवढंच बाकी होतं.

तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं. हूड्री फ्रेंच सैन्याच्या रणगाडा दलात होता. तेव्हा रणगाडे ही अगदी नवी चीज होती. 1917 मध्ये जुव्हिनकूरच्या लढाईत तो जखमी झाला. शौर्यासाठी पदकं मिळाली.

युद्धावरून परतल्यावर घरच्या धंद्यात मन रमेना. त्याला मोटार रेसिंगचा नाद लागला. अमेरिकेत जाऊन फोर्डचा कारखाना बघितला, इंडियानापोलिसची प्रसिद्ध शर्यत बघितली. तिथे त्याच्या लक्षात आलं की इंजिनं झपाट्याने सुधारतायत, पण पेट्रोल मागेच राहिलंय. हलकं पेट्रोल जोरदार इंजिनात घातलं की ते चुकीच्या वेळी पेट घेतं आणि इंजिन ठोकायला लागतं. गाडीवाल्यांच्या भाषेत नॉकिंग.

त्यात फ्रान्सकडे स्वतःचं खनिज तेल जवळपास नव्हतंच. म्हणून हूड्रीने आधी लिग्नाइट, म्हणजे हलक्या प्रतीच्या कोळशापासून पेट्रोल काढायचा घाट घातला. सरकारी मदतीने 1929 मध्ये दिवसाला 60 टन लिग्नाइट रिचवणारा कारखाना उभा राहिला. पेट्रोल निघालं, पण इतकं महाग पडलं की सरकारने हात काढून घेतला.

दरम्यान त्याच्या हाती दुसरंच घबाड लागलं होतं. जड, चिकट तेल तापवून त्याची वाफ एका विशिष्ट मातीवरून सोडली, की तिचे मोठे रेणू तुटतात आणि चांगलं पेट्रोल मिळतं. ही माती म्हणजे सिलिका आणि अॅल्युमिना असलेली, आपल्या मुलतानी मातीच्या जातकुळीतली. शाळेत आपण उत्प्रेरक शिकलो ना, तोच हा. स्वतः खर्ची पडत नाही, फक्त क्रिया घडवून आणतो.

एक अडचण होती. काही मिनिटांतच मातीवर काजळी चढायची आणि काम थांबायचं. इतरांनी अशा वेळी उत्प्रेरक टाकून दिला असता. हूड्रीने त्यावर गरम हवा सोडून काजळी जाळून टाकली. माती पुन्हा कामाला तयार! हा शोध दिसायला साधा आहे, पण माझ्या मते त्याच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची किल्ली इथेच आहे.

फ्रान्समध्ये कुणी पैसे लावेना. 1930 मध्ये एका अमेरिकन तेल कंपनीने बोलावलं आणि तो गेला. 1937 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मार्कस हूक इथे सन ऑइल कंपनीचा मोठा प्लांट सुरू झाला. दिवसाला 12,000 बॅरल तेल घ्यायचा आणि त्यातल्या जवळपास निम्म्याचं उच्च ऑक्टेन पेट्रोल करायचा. नुसती उष्णता वापरणाऱ्या जुन्या पद्धतीत हेच प्रमाण पाव होतं.

मग दुसरं महायुद्ध आलं. लढाऊ विमानांना 100 ऑक्टेनचं इंधन हवं होतं आणि दोस्त राष्ट्रांसाठी ते बनवण्यात हूड्रीच्या पद्धतीचा मोठा हात होता. फ्रान्समध्ये जर्मनांपुढे झुकलेलं पेताँचं सरकार आलं, तेव्हा त्याने अमेरिकेत बसून उघड विरोध केला. त्या सरकारने 1941 मध्ये त्याचं नागरिकत्वच काढून घेतलं. ज्या देशासाठी रक्त सांडलं, त्याच देशाने! पुढच्या वर्षी तो अमेरिकेचा नागरिक झाला.

इथवरची कमाई एखाद्याला पुरली असती. पण युद्धानंतर, साठीकडे झुकलेल्या हूड्रीला दुसऱ्याच गोष्टीने पछाडलं. शहरांत गाड्या वाढत होत्या, लॉस एंजेलिसवर धुरकं साचत होतं. फुप्फुसाच्या कॅन्सरचं वाढतं प्रमाण आणि गाड्यांचा धूर यांचा संबंध असावा, असं त्याला वाटू लागलं. आयुष्यभर त्याने ज्यासाठी पेट्रोल बनवलं, त्याच गाड्यांचा हा धूर.

त्याने ऑक्सी-कॅटॅलिस्ट नावाची कंपनी काढली. कल्पना ओळखीचीच होती. धुरात अर्धवट जळलेलं इंधन आणि कार्बन मोनॉक्साइड असतो. हा वायू विषारी, पण त्याला ना रंग ना वास. तो धूर प्लॅटिनमसारख्या उत्प्रेरकावरून हवेसोबत सोडायचा, की जे जळायचं राहिलं ते तिथेच जळून जातं. 1956 मध्ये त्याला पेटंट मिळालं. गोदामात चालणाऱ्या फोर्कलिफ्टसारख्या बंद जागेतल्या यंत्रांना त्याचे कन्व्हर्टर बसलेही.

मग रस्त्यावरच्या गाड्यांना का नाही बसले?

उत्तर आहे शिसं. नॉकिंग थांबवण्याचा एक स्वस्त उपाय 1921 मध्येच सापडला होता, पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळायचं. जगभर तेच पेट्रोल विकलं जात होतं. ते जळलं की शिशाचा थर उत्प्रेरकावर बसायचा आणि कन्व्हर्टर निकामी व्हायचा. मातीवरची काजळी जाळता येत होती, शिसं जळत नाही. 18 जुलै 1962 ला हूड्री गेला, तेव्हा त्याचा कन्व्हर्टर रस्त्यावरच्या गाड्यांसाठी बिनकामाचाच होता.

1970 मध्ये अमेरिकेने हवेचा कायदा कडक केला. 1974 मध्ये पंपांवर शिसंविरहित पेट्रोल ठेवणं बंधनकारक झालं आणि 1975 च्या मॉडेल्समध्ये कन्व्हर्टर येऊ लागले.

तरी एक काम अर्धं होतं. हूड्रीचा कन्व्हर्टर धूर जाळायचा, पण नायट्रोजनचे ऑक्साइड मोडायला उलट क्रिया लागते. दोन्ही कामं एकाच डब्यात व्हायची तर पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण 14.7 भाग, हे वजनी प्रमाण सतत सांभाळावं लागतं. ते कार्ब्युरेटरच्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून धुरात उरलेला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आला. बॉशने बनवला, व्होल्वोने 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या गाड्यांत बसवला.

आता त्या चुगलीबद्दल. आजच्या गाड्यांत साधारणपणे दोन सेन्सर असतात, एक कन्व्हर्टरच्या आधी, एक नंतर. पहिल्याचं ऐकून गाडीचा कंप्युटर इंधन कमी-जास्त करतो, त्यामुळे त्याचा सिग्नल सारखा वर-खाली होतो. कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, म्हणून दुसऱ्याचा सिग्नल बराच संथ असतो. कन्व्हर्टर काढला की दुसराही पहिल्यासारखाच नाचायला लागतो. कंप्युटरला कळतं की मधलं काहीतरी गायब आहे, आणि दिवा लागतो. सेन्सर नवा टाकला तरी तो हेच सांगणार. काही जण त्याला धुरापासून लांब ठेवायला मध्ये नळी बसवतात. दिवा विझतो, पण धूर तसाच मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर जातो.

आपल्याकडे कन्व्हर्टरवाल्या नव्या गाड्या आणि त्यांच्यासाठी शिसंविरहित पेट्रोल एप्रिल 1995 मध्ये आलं, तेही आधी मुंबईसह चार महानगरांत. देशभरातल्या पंपांवरून शिसं हटलं ते फेब्रुवारी 2000 मध्ये. हूड्रीला जाऊन तेव्हा 37 वर्षं उलटली होती.