घरीं शिकलेली विद्यार्थिनी : कै. डॉ. आनंदीबाई जोशी

शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे आमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं एकच विषय निघतो. कोणत्या महाविद्यालयांत जावयाचें, अर्ज कसा लिहावयाचा, आणि फीचा व राहण्याजेवण्याचा खर्च कोठून आणावयाचा ? शाळेंतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातीं निदान गुणपत्रिका असते, मुख्याध्यापकांचा दाखला असतो. परंतु जो घरींच शिकला, ज्याच्या अभ्यासाची नोंद कोणत्याहि हजेरीपटावर नाहीं, त्यानें महाविद्यालयाच्या दारांत उभें राहून काय दाखवावें ? आणि त्यास साहाय्य करण्याची ज्यांस इच्छा आहे, त्यांनीं तें कसें करावें ? हा प्रश्न केवळ आजचा नाहीं. इ. स. १८८३ सालीं एका अठरा वर्षांच्या महाराष्ट्रीय मुलीपुढें तो आजच्याहून शतपट कठीण स्वरूपांत उभा होता. त्या मुलीचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजीं झाला. माहेरचें त्यांचें नांव यमुना. त्यांचें घराणें कल्याणचें. नवव्या वर्षीं त्यांचा विवाह श्री. गोपाळराव जोशी यांच्याशीं झाला. गोपाळराव हे पोस्ट खात्यांत कारकून होते. विधुर होते, आणि वयानें पत्नीहून सुमारें वीस वर्षांनीं वडील होते. आपल्या पत्नीस शिकवून विदुषी करावयाची, हा त्यांचा ध्यास. त्या काळीं मुलीच्या हातीं पाटी दिसली तर शेजारीपाजारीं चर्चा होत असे. गोपाळरावांनीं त्या चर्चेची पर्वा केली नाहीं. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज असें बदलीच्या गांवोगांव फिरतां फिरतां त्यांनीं घरींच आनंदीबाईंस मराठी व पुढें इंग्रजी शिकविलें. मध्यंतरीं थोडे दिवस त्या शाळेंतहि गेल्या. परंतु पुस्तकें घेऊन रस्त्यानें जाणारी विवाहित ब्राह्मण मुलगी पाहून लोक उपहास करीत, आणि कोठेंहि शाळेचा क्रम दीर्घकाळ टिकला नाहीं. तात्पर्य, त्यांचें खरें विद्यालय म्हणजे त्यांचें घर, आणि खरे शिक्षक म्हणजे त्यांचे पती.

येथें एक गोष्ट लिहितांना आम्हांस संकोच वाटतो, परंतु चरित्रांत सत्य लपवूं नये. हे शिक्षक प्रेमळ होते तसेच अत्यंत कठोरहि होते. अभ्यास टाकून मुलगी स्वयंपाकघरांत रमलेली दिसली तर त्यांचा राग अनावर होई, आणि तो शब्दांवर थांबत नसे. पुढें अमेरिकेंतून पतीस लिहिलेल्या एका पत्रांत आनंदीबाईंनीं लहानपणच्या त्या माराची आठवण स्पष्टपणें करून दिली. आणि त्याचबरोबर आपल्या शिक्षणाचें श्रेयहि त्यांसच दिलें. घरीं शिकणाऱ्या मुलास शाळेची घंटा नसते, त्याचप्रमाणें शिक्षकाच्या अतिरेकापासून वांचविणारा दुसरा शिक्षकहि नसतो. उपकार आणि जाच एकाच हातून घडले, हें ध्यानांत ठेवून मगच आम्हीं गोपाळरावांची थोरवी गावी.

चौदाव्या वर्षीं आनंदीबाईंस पुत्र झाला. योग्य वैद्यकीय उपचार न मिळाल्यामुळें तें बालक दहा दिवसांतच दगावलें. त्या काळीं आपल्या स्त्रिया पुरुष डॉक्टराकडून तपासून घेण्यापेक्षां मरण पत्करीत, आणि स्त्री डॉक्टर तर या देशांत जवळजवळ नव्हत्याच. ज्या विद्येचा आतांपर्यंत केवळ पतीला ध्यास होता, ती आतां पत्नीची स्वतःची झाली. आपण डॉक्टर व्हावयाचें, हा त्यांचा निश्चय या दुःखांतून निपजला.

पण जावयाचें कोठें, आणि कोणाच्या बळावर ? याआधींच, १८७८ सालीं, गोपाळरावांनीं कोल्हापुराहून रेव्हरंड रॉयल वाइल्डर यांस पत्र लिहिलें होतें. वाइल्डरसाहेबांनीं कोल्हापुरास अनेक वर्षें मिशनचें कार्य केलें होतें, आणि त्या सुमारास ते अमेरिकेंत परत जाऊन एक मासिक चालवीत होते. पत्नीस अमेरिकेंत शिक्षण मिळावें व आपणांस तेथें काम मिळावें, अशी गोपाळरावांची विनंती होती. उत्तर आलें तें असें कीं, उभयतांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला तर साहाय्याचा विचार करतां येईल. जोशी दांपत्यानें तें मानलें नाहीं. आमच्यासारख्या मिशनच्या शाळेंत शिकणाऱ्यांनीं ही हकीकत चोरून ठेवण्याचें कारण नाहीं. अट घालून दिलेलें दान घेणाऱ्यास जड होतें, मग ती अट कितीहि सद्हेतूनें घातलेली असो.

परंतु ईश्वरी सूत्र कसें असतें पहा ! हा पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या मासिकांत छापला गेला. १८८० सालीं न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे गेल्या असतां, आपली पाळी येईपर्यंत वेळ घालविण्यासाठीं त्यांनीं समोरचें मासिक उचललें, आणि त्यांत हीं पत्रें त्यांच्या दृष्टीस पडलीं. दूरदेशींच्या एका मुलीची शिकण्याची तळमळ पाहून त्यांचें अंतःकरण द्रवलें. घरीं जाऊन त्यांनीं पत्र लिहिलें, आणि त्यांत कसलीच अट नव्हती.

त्या एका पत्रापासून सुमारें तीन वर्षें चाललेला स्नेह सुरू झाला. दोघींनीं एकमेकींस पाहिलेलें नव्हतें. तरी धर्म, चालीरीति, स्त्रियांची स्थिति अशा नाना विषयांवर त्या मोकळेपणानें लिहीत. आनंदीबाईंची प्रकृति वारंवार बिघडे, तेव्हां कार्पेंटरबाई अमेरिकेंतून औषधें पाठवीत. अमेरिकेंत आल्यास आपल्या घरीं आश्रय मिळेल, असें आश्वासनहि त्यांनीं दिलें. विद्यार्थ्यास साहाय्य म्हणजे केवळ पैसा, अशी आमची समजूत असते. परक्या देशीं उतरल्यावर आपली वाट पाहणारें एक माणूस आहे, हा धीर पैशाच्या आधीं लागतो.

गोपाळरावांची बदली पुढें बंगालकडे झाली. कलकत्त्यास असतां थॉरबर्न नांवाच्या एका डॉक्टर दांपत्यानें फिलाडेल्फिया येथील विमेन्स मेडिकल कॉलेजचें नांव सुचविलें. खास स्त्रियांस वैद्यक शिकविण्यासाठीं १८५० सालीं स्थापन झालेली ही संस्था होती. अशा रीतीनें जावयाचें ठिकाण ठरलें. मात्र गोपाळरावांस नोकरी सोडून बरोबर जाणें शक्य दिसेना, म्हणून आनंदीबाईंनीं एकटीनेंच जावें असें ठरलें. आणि लोकांत एकच गहजब उडाला.

त्या गहजबास त्यांनीं उत्तर दिलें तें जाहीर सभेंत. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहांत त्यांनीं इंग्रजींत भाषण केलें. हें श्रीरामपूर तेंच, जेथें डॉ. विल्यम केरी यांनीं १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें. लोक जे प्रश्न पाठीमागें विचारीत, ते आनंदीबाईंनीं स्वतःच श्रोत्यांपुढें एकेक करून मांडले : अमेरिकेस कां जावयाचें, हिंदुस्थानांत सोय नाहीं काय, एकटीनें कां, परत आल्यावर जात वाळींत टाकणार नाहीं काय, संकट आलें तर काय करशील, आणि जें कोणा स्त्रीनें केलें नाहीं तें तूंच कां करावें ? प्रत्येकास त्यांनीं शांतपणें उत्तर दिलें. या देशांत स्त्री डॉक्टरांची गरज किती आहे तें सांगितलें. मद्रासच्या कॉलेजखेरीज स्त्रियांस पूर्ण वैद्यक शिकण्याची सोय नाहीं, हेंहि दाखवून दिलें. आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं, असें त्यांनीं निक्षून सांगितलें. भाषणाचा वृत्तांत सर्वत्र पसरला, आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून त्यांस द्रव्यसाहाय्य येऊं लागलें. पूर्वीं एका दारावर मागितलें तेव्हां नकार मिळाला होता. आतां आपला हेतु चारचौघांत उघडपणें मांडला, तेव्हां अनेक हात पुढें आले.

एप्रिल १८८३ मध्यें मिशनरी स्त्रियांच्या सोबतीनें त्या कलकत्त्याहून आगबोटीनें निघाल्या, आणि जूनमध्यें न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या. तेथें कार्पेंटरबाई त्यांस घेण्यासाठीं उभ्या होत्या.

यापुढची गोष्ट अर्ज लिहावयास बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें मुद्दाम वाचावी. रोझेल येथें कार्पेंटरबाईंच्या घरीं राहून आनंदीबाईंनीं जूनच्या अखेरीस कॉलेजच्या अधिकाऱ्यांकडे अर्ज पाठविला. त्यांच्याजवळ कोणत्याहि परीक्षेचें प्रशस्तिपत्र नव्हतें. मग त्यांनीं काय लिहिलें ? प्रथम, आपणांस काय येतें तें स्पष्ट सांगितलें : मातृभाषा मराठी धरून सात भाषांशीं आपला परिचय आहे, आणि गणित, व्याकरण, इतिहास, भूगोल हे विषय आपण अमुक मर्यादेपर्यंत केले आहेत. दुसरें, जें उणें आहे तेंहि झांकलें नाहीं. आपली तयारी कॉलेजच्या नियमांस कदाचित् पुरी पडणार नाहीं, हें त्यांनीं आपण होऊन मान्य केलें, आणि स्वकीयांचा व जातीचा विरोध सोसून येथवर आणणारा जो निश्चय, तोहि आपल्या पात्रतेंत धरावा, अशी विनंती केली. तिसरें, आपण कशासाठीं शिकूं इच्छितों तें सांगितलें : पुरुष वैद्यापेक्षां मरण बरें मानणाऱ्या आपल्या दुःखी भगिनींस खरें वैद्यकीय साहाय्य देतां यावें, यासाठीं. त्या पत्रांत याचना आहे, पण दीनता नाहीं. अभिमान आहे, पण बढाई नाहीं.

कॉलेजनें त्या पत्राचा मान राखला. आनंदीबाईंस प्रवेश मिळाला, आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठीं शिष्यवृत्तीहि मिळाली. त्या वेळीं कॉलेजच्या डीन डॉ. रेचेल बॉडली या होत्या. रसायनशास्त्राच्या त्या मोठ्या जाणत्या. त्यांनीं या परदेशी मुलीवर मातेसारखें लक्ष ठेविलें.

पुढील तीन वर्षें सुखाचीं नव्हतीं. फिलाडेल्फियाची थंडी, परक्या देशांतील एकटेपणा, आणि शाकाहार व देशी पोषाख न सोडण्याचा स्वतःचा नेम, यांमुळें आधींच नाजूक असलेलें शरीर खंगत गेलें. तरी अभ्यास सुटला नाहीं. प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय घेऊन त्यांनीं प्रबंध लिहिला, आणि ११ मार्च १८८६ रोजीं त्यांस एम्. डी. ही पदवी मिळाली. पाश्चात्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्याच हिंदु स्त्री होत. पदवीदान समारंभास गोपाळराव व पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. व्हिक्टोरिया राणीनेंहि अभिनंदनाचा संदेश पाठविला. कोल्हापुरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. ज्या गांवाहून साहाय्याचें पहिलें पत्र गेलें होतें, त्याच गांवीं आतां त्यांस डॉक्टर म्हणून बोलावणें आलें.

परंतु तें पद भूषविण्याचें त्यांच्या दैवीं नव्हतें. क्षयानें त्यांस ग्रासलें होतें. नोव्हेंबर १८८६ मध्यें त्या मुंबईस उतरल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुणें येथें त्यांचें देहावसान झालें. वयाचीं बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. त्यांच्या अस्थि गोपाळरावांनीं कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या, आणि न्यूयॉर्क संस्थानांतील पोकीप्सी येथें कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमींत त्या ठेवण्यांत आल्या. रक्ताचें नातें नाहीं, एक धर्म नाहीं, एक देश नाहीं. तरी त्या कुटुंबानें तिला आपल्या माणसांत जागा दिली.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप, एवढा खर्च, आणि एकाहि रुग्णालयांत एक दिवस काम घडलें नाहीं. मग मिळालें काय? आम्हांसहि हा प्रश्न पडला होता. पण साहाय्याचा हिशेब असा मांडतां येत नाहीं. त्यांच्यामागून त्याच कॉलेजांतून जपानच्या केइको ओकामी १८८९ सालीं पदवीधर झाल्या; त्याच दशकांत आपल्या देशांतहि स्त्रिया वैद्यकाकडे वळूं लागल्या. काशीबाई कानिटकर यांनीं त्यांचें चरित्र मराठींत लिहिलें, आणि तें वाचून किती घरांत किती मुलींच्या हातीं पाटी आली असेल, याचा हिशेब कोण ठेवणार ?

आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींस या चरित्रांतून दोन गोष्टी घेतां येतील. जो अर्ज करणार आहे त्यानें आपली योग्यता व आपलें उणें दोन्ही खरेपणानें लिहावीं, आणि आपण कोणासाठीं शिकतों हें विसरूं नये. आणि ज्याच्याजवळ देण्याजोगें कांहीं आहे, मग तो पैसा असो, ओळख असो, किंवा केवळ एक पत्र लिहिण्याइतका वेळ असो, त्यानें अट न घालतां द्यावें. दंतवैद्याच्या दारीं बसलेल्या त्या बाईंनीं मासिक मिटून खालीं ठेविलें असतें तर त्यांस कोणीहि दोष दिला नसता. त्यांनीं तें मिटलें नाहीं. घरीं जाऊन पत्र लिहिलें. यंदा आपल्या ओळखींत एखादा मुलगा किंवा मुलगी कोरा अर्ज पुढें घेऊन बसली असेल, तर आपणहि जरा शेजारीं जाऊन बसावें, एवढीच आमची विनंती आहे.