बर्फाच्या मुलखातली परिचारिका : केट मार्सडेन

मुलांनो, पौष महिन्यात तुम्ही काखेत हात घालून कुडकुडत शाळेत येता. मग रशियाच्या सैबेरिया भागातल्या याकुत्स्क गावची मुले काय करत असतील? तिथे जानेवारीत पारा शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरतो. जमीन खोलवर बारमाही गोठलेली असते. उन्हाळ्यात फक्त वरचा थर वितळतो, आणि मग जिकडेतिकडे चिखल, दलदल आणि डासच डास. अशा मुलखात १८९१ साली एक परिचारिका आपण होऊन गेली. कुणी बोलावले नव्हते, पगार नव्हता. तिचीच ही गोष्ट.

केट मार्सडेन हिचा जन्म १३ मे १८५९ रोजी लंडनजवळ झाला. वडील वकील होते. ते लवकर वारले आणि घरात ओढगस्त आली. भावंडांपैकी कित्येक क्षयाने गेली. केट कोवळ्या वयातच इस्पितळात रुग्णसेवा शिकू लागली. १८७७ साली रशिया आणि तुर्कस्तान यांचे युद्ध पेटले, तेव्हा ती जखमी सैनिकांच्या सेवेसाठी बल्गेरियात गेली. वय अवघे अठरा! तिथे तिने कुष्ठरोगी पहिल्यांदा पाहिले, आणि ते चेहरे तिच्या मनातून गेले नाहीत. पुढे बहिणीच्या आजारपणामुळे ती न्यूझीलंडला गेली आणि वेलिंग्टनच्या इस्पितळात मुख्य परिचारिका झाली. चांगली नोकरी होती, मान होता. पण डोक्यात कुष्ठरोग्यांचेच विचार.

त्या काळी या रोगावर औषध नव्हते. नॉर्वेच्या डॉ. हान्सेन यांनी १८७३ साली रोगाचे जंतू शोधले होते, एवढेच. सैबेरियाच्या जंगलात एक वनस्पती आहे, तिने कुष्ठरोग बरा होतो, असे केटबाईंच्या कानावर आले. मग काय, जायचे ठरले. पण रशियाच्या बादशहाच्या राज्यात एका परदेशी बाईला तुरुंगांच्या, हद्दपारांच्या मुलखात जाऊ देणार कोण? इथे बाईंची हुशारी बघा. इंग्लंडच्या युवराज्ञी अलेक्झांड्रा आणि रशियाची महाराणी या सख्ख्या बहिणी. केटबाईंनी युवराज्ञींकडून बहिणीला चिठ्ठी मिळवली. महाराणींनी हुकूमवजा पत्र दिले, की या बाईंना सगळ्या अधिकाऱ्यांनी मदत करावी. ते पत्र पुढे प्रत्येक ठाण्यावर उपयोगी पडले.

फेब्रुवारी १८९१ मध्ये त्या मॉस्कोहून निघाल्या. बरोबर रशियन जाणणारी एक मैत्रीण होती. सैबेरियातून जाणारा लोहमार्ग तेव्हा नव्हताच. रुळ संपले तिथून स्लेज, म्हणजे बर्फावरून घसरत जाणारी बिनचाकाची घोडागाडी. कपड्यांचे काय सांगू! लोकरीचे थरावर थर, त्यावर मेंढीच्या कातड्याचा पायघोळ कोट, आणखी वर रेनडियरचे कातडे. इतके, की बाईंना गाडीत उचलून ठेवायला तिघे गडी लागले. शिदोरीत ४० पौंड, म्हणजे सुमारे १८ किलो, प्लम पुडिंग होते. सुका मेवा घातलेला हा गोड पदार्थ थंडीत टिकतो, आणि बाईंना तो आवडेही. वाटेतल्या तुरुंगांत त्या कैद्यांना चहा-साखर वाटत. ओम्स्कला मैत्रीण आजारी पडून परत फिरली. भाषा धड येत नसताना बाई पुढे निघाल्या.

इर्कुत्स्कनंतर लेना नदीतून मालवाहू नावेने याकुत्स्क. तिथून जूनमध्ये घोड्यावरून व्हिल्युइस्ककडे. हा भाग उत्तर ध्रुववृत्ताच्या जेमतेम तीन अंश अलीकडे. बाईंना घोड्यावर बसायची सवय नव्हती. तरी पुरुषासारखे दोन्ही बाजूंना पाय टाकून त्या बसल्या, त्या काळी हे अगदी जगावेगळे! दलदलीत घोडे पोटापर्यंत रुतत, अस्वलांची भीती, डासांनी चेहरा सुजलेला. गरीब याकुत लोकांनी त्यांच्यासाठी झाडे तोडून वाट केली. घोड्यावरचा हा प्रवास जाऊन-येऊन २,००० मैल झाला, असे बाईंनी लिहून ठेवले आहे.

आणि जंगलात काय दिसले? कुष्ठरोग्यांना गावाबाहेर, माणसांपासून कोसभर दूर टाकलेले. मातीने लिंपलेल्या अंधाऱ्या झोपड्या, त्यांत माणसे आणि गुरे एकत्र. अन्न लांबवर ठेवून लोक पळत. एका ठिकाणी अठरा वर्षांची एक मुलगी भेटली. तिला रोग नव्हताच! आई रोगी, म्हणून जन्मापासून तीही तिथेच. हे वाचताना माझ्या घशाशी आवंढा आला. बाईंनी अधिकाऱ्यांशी बोलून तिला तिथून सोडवले.

वनस्पती मिळाली, पण ती गुणकारी नव्हती. थोडा आराम पडे, रोग जात नसे. ज्यासाठी एवढी पायपीट केली तेच फोल. पण रोग्यांची दशा तर डोळ्यांनी पाहिली होती. परत येऊन त्यांनी पुस्तक लिहिले, गावोगाव भाषणे केली, पैसा जमवला. मॉस्कोहून परिचारिका तिकडे गेल्या. १८९२ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने स्त्रियांना सभासद करून घेतले, त्यांत केटबाई होत्या. १८९७ साली व्हिल्युइस्कजवळ कुष्ठरोग्यांचे इस्पितळ उभे राहिले. स्वतः बाईंना मात्र ते पाहायला मिळाले नाही.

तोवर त्यांच्यावर गिल्ला सुरू झाला होता. कुणी पैशांबद्दल संशय घेतला, कुणी प्रवासच खोटा ठरवला, कुणी त्यांच्या खाजगी वागण्यावर बोट ठेवले. काही दोष त्यांच्यातही असतील. वर्णने त्या जरा रंगवून करत, हे खरे. पण इस्पितळ तर खोटे नव्हते! बदनामीचा डाग शेवटपर्यंत राहिला. १९२१ साली, म्हातारपणी, त्यांनी आपली बाजू मांडणारे पुस्तक लिहिले. कोण वाचणार? २६ मार्च १९३१ रोजी त्या लंडनमध्ये वारल्या.

पुढे कुष्ठरोगावर खरी औषधे निघाली. १९८२ सालापासून दोन-तीन औषधे एकत्र देतात. सहा महिने ते वर्षभर नेमाने घेतली की रोग बरा होतो. अंगावर बधिर चट्टा दिसला तर लपवायचा नाही, बाईंना किंवा गुरुजींना सांगायचा, आरोग्य केंद्रात जायचे.

त्या इस्पितळाच्या जागी आज सोस्नोव्का नावाचे गाव आहे. याकुत लोक केटबाईंना विसरले नाहीत. त्या मुलखात हिऱ्यांच्या खाणी आहेत. तिथे सापडलेल्या एका मोठ्या हिऱ्याला त्यांनी केट मार्सडेनचे नाव दिले आहे.