उजेडाचा डॉक्टर

हा पोरगा स्वभावाने चांगला, पण अभ्यासात यथातथाच, असं मत देऊन डेन्मार्कच्या बोर्डिंग स्कूलने नील्स फिन्सेनबद्दल हात टेकले होते. मग घरच्यांनी त्याला आइसलंडच्या शाळेत घातलं. जन्म १८६० चा, फेरो बेटांवरचा. म्हणजे जिथे हिवाळ्यात सूर्य जेमतेम तोंड दाखवतो, तिथला!

कोपनहेगनला मेडिकल करतानाच त्याला आजाराने गाठलं. यकृत बिघडलं, पोटात पाणी साठू लागलं. खोली उत्तरेकडची, ऊन नाहीच. सतत थकवा. उन्हात बसलं की मात्र बरं वाटायचं. का बरं? या प्रश्नाने त्याला झपाटलंच. १८९० मध्ये डिग्री घेतली, कॉलेजात शिकवायला लागला आणि तीनच वर्षांत नोकरी सोडून उजेडाच्या मागे लागला.

तेव्हा त्वचेचा क्षयरोग अक्षरशः चेहरा कुरतडायचा. १८९५ मध्ये फिन्सेनने एका इंजिनिअरच्या चेहऱ्यावर कार्बन आर्क दिव्याचा झोत सोडला. त्याची पद्धत भारी होती. उष्णता शोषायला मध्ये पाणी ठेवायचं, कारण भाजायचं नव्हतं. रक्त प्रकाश अडवतं, म्हणून स्फटिकाची भिंग त्वचेवर दाबून तिथलं रक्त बाजूला सारायचं. नर्स तासभर ते धरून बसायची. काही महिन्यांत जखमा भरल्या. १८९६ मध्ये संस्था उभी राहिली, १९०३ मध्ये नोबेल.

आज संधिवाताच्या, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिसच्या पेशंटना फिजिओथेरपीत कमी ताकदीचा लेझर देतात, त्यामागे उजेड हेच औषध हा विचार आहे. फरक इतकाच, की फिन्सेनचा प्रकाश निळा-जांभळा. इथे लाल किंवा त्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा. त्याने दुखणं आणि सकाळचा सांध्यांचा ताठरपणा काही काळ कमी होऊ शकतो. सांध्यांची झीज मात्र थांबत नाही, त्यामुळे जाहिरात बघून आजीच्या गोळ्या बंद करायला जाऊ नका.

फिन्सेनच्या स्वतःच्या आजारावरही उजेड चालला नाही. नोबेल मिळालं तेव्हा तो व्हीलचेअरवर होता. बक्षिसातली मोठी रक्कम त्याने संस्थेला देऊन टाकली. शेवटच्या काळात तो रोज पोटात जाणारं मीठ आणि पाणी मोजून लिहून ठेवायचा. स्वतःच पेशंट, स्वतःच संशोधक! त्यावर त्याने १९०४ मध्ये निबंधही छापला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो गेला, वय ४३.