पाचगणीचा बकी, लंडनचा फ्रेडी आणि सहा मिनिटांचं गाणं

५ मिनिटं ५५ सेकंद. काल्हेरहून ठाण्याला कॉलेजला जाणाऱ्यांना सांगायला नको, कशेळीच्या पुलाआधी कंटेनरची रांग लागली की एवढ्या वेळात रिक्षा दोन हात पुढे सरकली तरी नशीब! पण १९७५ साली रेडिओवाल्यांच्या दृष्टीने हा वेळ म्हणजे चैन होती. गाणं तीन-साडेतीन मिनिटांत आटपलं पाहिजे, हा तेव्हाचा अलिखित नियम. अशा काळात ‘क्वीन’ नावाच्या बँडने ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे गाणं सिंगल म्हणून काढायचं ठरवलं आणि त्यातला एक सेकंदही कापायला नकार दिला. हा हट्ट ज्याचा होता, तो फ्रेडी मर्क्युरी. आपल्या साताऱ्यातल्या पाचगणीत शिकलेला!

खरं नाव फारोख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. वडील बोमी तिथल्या ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशियर, आई जेर. पारशी कुटुंब, मूळ गुजरातचं. आठ वर्षांच्या फारोखला त्यांनी बोटीने थेट मुंबईला आणि तिथून पाचगणीच्या सेंट पीटर्स बोर्डिंग स्कूलमध्ये धाडलं. विचार करा, आई-बाप समुद्रापलीकडे आणि सुट्टीत आसरा मुंबईतल्या नातेवाइकांचा. पुढे आलेल्या दातांमुळे पोरं त्याला ‘बकी’ म्हणून चिडवायची. ‘फ्रेडी’ हे नावही याच शाळेतलं. तिथेच तो पियानो शिकला आणि चार मित्रांसोबत ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. गंमत म्हणजे त्यात मुख्य गायक दुसराच होता, फ्रेडी पियानोवर.

१९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली, रक्तपात झाला. बलसारा कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला आलं आणि लंडनजवळ फेल्थमला राहू लागलं. फ्रेडीने ईलिंगच्या आर्ट कॉलेजात ग्राफिक डिझाइन केलं, हीथ्रो विमानतळावर सामान उचललं, केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकले. १९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर यांच्यासोबत ‘क्वीन’ उभा राहिला. वर्षभरात बास गिटारवर जॉन डीकन आला. बँडचं राजचिन्ह फ्रेडीनेच काढलं, चौघांच्या राशी घेऊन. आडनावही त्याने याच सुमारास बदललं.

१९७४ चं ‘किलर क्वीन’ ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. बाहेरून थाट, आतून मात्र खिसे रिकामे. जुन्या मॅनेजमेंटबरोबरच्या करारामुळे हिट गाणी देऊनही पोरं कंगाल होती. पुढचा अल्बम पडला असता तर बँड बहुधा तिथेच संपला असता. अशा वेळी माणूस सेफ खेळतो, नाही का? फ्रेडीने उलटं केलं. एकाच गाण्यात संथ बॅलड, मग ऑपेरा, मग कडक रॉक, शेवटी पुन्हा शांतता. आणि कोरस? नाहीच!

ऑगस्ट १९७५ मध्ये वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत रेकॉर्डिंग सुरू झालं. सगळी रचना फ्रेडीच्या डोक्यात. बाकीच्यांना तुकडे जुळतात कसे, हे ते जुळल्यावरच कळायचं. ऑपेराच्या भागाला एकट्यालाच तीनेक आठवडे लागले. कॉम्प्युटर नव्हता, ऑटोट्यून तर सोडाच. फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर हे तिघंच पुन्हा पुन्हा गायचे आणि आवाजांवर आवाज चढवले जायचे. चोवीस ट्रॅकची टेप मशीनमधून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा थर झिजून ती आरपार दिसायला लागली. आज मोबाइलवर बटण दाबून शंभर जणांचा कोरस करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

ईएमआय कंपनीला गाण्याच्या लांबीची धास्ती होती. मग कॅपिटल रेडिओचा केनी एव्हरेट मदतीला आला. गाजण्याआधीच त्याच्या हाती रेकॉर्ड लागली. आधी त्याने नुसते तुकडे वाजवून श्रोत्यांना तरसवलं आणि मग दोन दिवसांत तब्बल १४ वेळा अख्खं गाणं लावलं. लोक दुकानांत विचारायला लागले, तेव्हा रेकॉर्ड बाजारात आलीही नव्हती! ३१ ऑक्टोबरला ती आली आणि महिन्याभरात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर जाऊन सलग नऊ आठवडे तिथेच बसली. समीक्षकांचं मात्र एकमत नव्हतं. काहींना ते नुसतं दिखाऊ वाटलं. मला विचाराल तर दिखाऊ ते आहेच, त्यातच त्याची मजा आहे. बँड दौऱ्यावर असल्याने टीव्हीसाठी काही तासांत एक व्हिडिओ उरकला, आणि पुढे गाण्याचे व्हिडिओ करायची चाल रुळण्यात त्याचा मोठा वाटा ठरला. गाण्याचा अर्थ काय, हे मात्र फ्रेडीने कधीच नीट सांगितलं नाही.

पुढची कीर्ती तुम्हाला माहीत आहेच, १३ जुलै १९८५ च्या ‘लाइव्ह एड’सकट. १९८७ मध्ये त्याला एड्सचं निदान झालं. तेव्हा या आजाराचं नाव घेतलं तरी लोक दूर सरायचे. पत्रकार दाराशी टपलेले असताना तो स्टुडिओत गात राहिला. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्याने आजार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी गेला. वय अवघं ४५. अंत्यसंस्काराच्या प्रार्थना पारशी धर्मगुरूंनीच म्हटल्या.

त्याच डिसेंबरमध्ये गाणं पुन्हा निघालं आणि पुन्हा पहिलं आलं. त्याची कमाई एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला गेली. अमेरिकेत पहिल्या वेळी ते नवव्या क्रमांकावर थांबलं होतं. १९९२ मध्ये ‘वेन्स वर्ल्ड’ सिनेमात गाडीत बसलेली पोरं या गाण्यावर माना हलवताना दिसली आणि तिथेही ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. त्या पोरांतला एक म्हणजे माइक मायर्स. २०१८ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ सिनेमात हे गाणं चालणारच नाही म्हणून अडून बसणारा तो काल्पनिक रेकॉर्ड कंपनीवाला आठवतोय? तोही माइक मायर्सच!