मधुमेहाचे अर्धे राहिलेले कोडे

मधुमेह म्हटला, की स्वादुपिंड आणि इन्शुलिन यांचीच आठवण होते. १९२१ मध्ये टोरंटोत इन्शुलिनचा शोध लागला, तेव्हा या विकाराचे कोडे उलगडल्यासारखे वाटले होते. ते अर्धेच उलगडले आहे, हे दाखवून दिले अर्जेंटिनाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ बर्नार्डो आल्बर्टो उसाय यांनी.

ब्यूनोस आयर्स येथे १० एप्रिल १८८७ रोजी जन्मलेल्या उसाय यांनी वयाच्या चौदाव्या वर्षीच औषधनिर्माणशास्त्राच्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळवला. पुढे ते वैद्यकशास्त्राकडे वळले. मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीने त्यांना विद्यार्थिदशेतच वेड लावले. १९१९ मध्ये ते ब्यूनोस आयर्स विद्यापीठात प्राध्यापक झाले.

स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला तीव्र मधुमेह होतो, हे १८८९ पासून ठाऊक होते. १९३० च्या सुमारास उसाय आणि त्यांचे सहकारी आल्फ्रेडो बियासोट्टी यांनी बेडूकवर्गीय भेक व कुत्रे यांच्या स्वादुपिंडाबरोबर पीयूषिका ग्रंथीही काढली. मधुमेह आश्चर्यकारकरीत्या सौम्य झाला. त्याच ग्रंथीच्या अग्रखंडाचा अर्क टोचताच तो पुन्हा बळावला. इन्शुलिन साखर उतरवते, तर पीयूषिका तिला विरोध करते, हे त्यातून सिद्ध झाले. १९३६ मध्ये अमेरिकेत लाँग व लुकेन्स यांनी मांजरांतील अधिवृक्क ग्रंथी काढून तसाच परिणाम दाखवला.

कीर्तीच्या शिखरावर असतानाच आघात झाला. देशात लोकशाही राज्यकारभार असावा, अशी मागणी करणाऱ्या पत्रकावर स्वाक्षरी केल्याबद्दल १९४३ मध्ये लष्करी सरकारने त्यांना इतर अनेकांसह पदच्युत केले. परदेशांतून निमंत्रणे येऊनही त्यांनी मायभूमी सोडली नाही. खासगी देणग्यांच्या आधारे १९४४ मध्ये नवी संस्था उभारून त्यांनी संशोधन चालू ठेवले. विद्यापीठात ते कायमचे परतले, ते पेरॉन राजवट १९५५ मध्ये कोसळल्यावरच.

दरम्यान, १९४७ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा त्यांना मिळाला. उरलेला अर्धा कोरी दाम्पत्याला. विज्ञानातील नोबेल मिळवणारे ते पहिले लॅटिन अमेरिकी ठरले. त्यांचे शिष्य लुईस लेलुआर यांनाही १९७० मध्ये हाच मान लाभला. २१ सप्टेंबर १९७१ रोजी उसाय यांचे निधन झाले.

स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाची साखर का वाढते, याचे उत्तर शोधणारा आजचा डॉक्टर त्यांनीच दाखवलेल्या वाटेने जात असतो.