वेगाचा रसिक राजा : यशवंतराव होळकर

जबलपूर : इंदूरचे अखेरचे सत्ताधीश महाराजा यशवंतराव होळकर (द्वितीय) यांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ रोजी झाला. वडील तुकोजीराव यांनी १९२६ मध्ये गादी सोडल्याने वयाच्या सतराव्या वर्षी ते गादीवर आले. ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या या मराठी राजाने जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडून माणिकबाग राजवाडा उभारून घेतला.

मोटारींतही त्यांची निवड चोखंदळ होती. त्या दशकातील इटलीची नामांकित अल्फा रोमिओ ८सी २९००बी केवळ २.९ लिटरच्या इंजिनातून सुमारे १८० अश्वशक्ती देई. होळकरांची १९३५ ची अमेरिकी ड्यूसेनबर्ग एसजे तिच्याहून अवजड, परंतु ६.९ लिटरचे, आठ सिलिंडरांचे सुपरचार्जरयुक्त इंजिन आणि ३२० अश्वशक्ती हे तिचे वैभव होते. तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांनी घडविली.

संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाले आणि महाराज उपराजप्रमुख झाले. १९५६ मध्ये नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले. राजधानी भोपाळला, उच्च न्यायालय जबलपूरला गेले आणि तेही पद संपुष्टात आले. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. माणिकबागेत आज केंद्रीय कर विभागाचे कार्यालय आहे. राज्य उरले नाही. ड्यूसेनबर्ग मात्र आजही जतन केलेली आहे.