थोर शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक

आमच्या शाळेत पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी पहिले पाऊल हा मेळावा झाला. लहान मुलं, त्यांच्या आया, अंगणवाडीच्या ताई आणि गुरुजी मैदानात जमणार होते. माझी आई मात्र यायला तयार नव्हती. आपण शिकलेलो नाही, आपल्याला काय येतंय, असं तिचं म्हणणं. मग ताईंनी घरी येऊन आईला ताराबाई मोडक यांची गोष्ट सांगितली. मी पण ऐकत होते. मला ती फार आवडली, म्हणून मी ती भित्तिपत्रकासाठी लिहीत आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबई येथे झाला. माहेरचे आडनाव केळकर. त्या काळी मुलींना फारसे शिकवत नसत, तरी ताराबाई १९१४ साली पदवीधर झाल्या. लग्नानंतर त्या अमरावतीला राहिल्या. पुढे संसार मोडला, पण त्या डगमगल्या नाहीत. राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजात त्या प्राचार्य झाल्या.

गुजरातमध्ये भावनगर येथे गिजुभाई बधेका होते. ते आधी वकील होते. मुलांना छडी मारू नये, धाक दाखवू नये, असे ते सांगत. इटली देशातल्या मारिया माँटेसरी बाईंची पद्धत त्यांनी आपल्याकडे आणली. ताराबाई नोकरी सोडून त्यांच्याकडे गेल्या. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. आईबापांना व शिक्षकांना लहान मुलं कशी शिकतात हे कळावे म्हणून शिक्षण पत्रिका नावाचे मासिकही ते काढत. म्हणजे आयांना शिकवायचं हे काही आजचं नाही! १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले.

पण ही शहरातल्या मुलांची सोय झाली. खेड्यातल्या मुलांचे काय? म्हणून ताराबाई १९४५ साली बोर्डी या गावी गेल्या. तेव्हा त्यांचे वय ५० च्या पुढे होते. बोर्डी समुद्राकाठी आहे, आता ते पालघर जिल्ह्यात येते. त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. अनुताई लहानपणीच विधवा झाल्या होत्या, तरी शिकून शिक्षिका झाल्या.

तिथे आदिवासी मुलं बालवाडीत येईनात. मोठ्या बहिणी धाकट्यांना सांभाळत आणि भाऊ गुरं राखत. मग येणार कोण? हे मला लगेच कळलं, कारण कापूस वेचणीच्या दिवसांत माझे पण खाडे होतात. आई रानात जाते आणि लहान भाऊ माझ्या कडेवर.

मुलं येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, असं ताराबाईंनी ठरवलं. मुलांना आधी आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग खेळ आणि गाणी. माँटेसरी बाईंची साधने महाग होती. ताराबाईंनी खडे, शिंपले, पाने, बिया हेच घेतलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा जवळजवळ असली, तर बहीणही शिकते आणि धाकटं लेकरूही रडत नाही. याला त्या विकासवाडी म्हणत.

सरकारने त्यांना १९६२ साली पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या वारल्या. नंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, सरकारी अंगणवाड्या सुरू झाल्या. अनुताईंनी कोसबाडचे काम १९९२ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत केले.

गोष्ट ऐकून आई मेळाव्याला आली. एका टेबलावर ज्वारी, तूर आणि मूग मिसळून ठेवले होते. ते मुलांनी आईसोबत निवडायचे होते. माझ्या आईने भावाला एकेक दाणा हातात देऊन नावं शिकवली. बाकीच्या बाया बघत राहिल्या. ताईंनी तिला माता गटात घेतलं.

आता भाऊ अंगणवाडीत जातो. ती सुटली की तो आमच्या वर्गाच्या दारात येऊन बसतो. गुरुजी त्याला काही म्हणत नाहीत, पाटी देतात.

— इयत्ता चौथीची विद्यार्थिनी, जि. प. प्राथमिक शाळा, जि. जालना